दोन डॉक्टर, दोन मते आणि मध्ये अडकलेले लेकरू

अंगणवाडीत तपासणीचे पथक येते. डॉक्टर मुलाच्या छातीला नळी लावतात आणि म्हणतात, ‘हृदयात आवाज येतोय, पुढे दाखवून घ्या.’ आईवडील घाबरून नेहमीच्या दवाखान्यात जातात. तिथे सांगतात, ‘काही नाही, अशक्तपणा आहे. टॉनिक देतो.’ कुणी ओळखीचा शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नेतो. तिथे ऐकायला मिळते, ‘छिद्र आहे, ऑपरेशन करावे लागेल, पैशांची सोय करा.’ मुंबईला गेले तर म्हणतात, ‘सहा महिन्यांनी परत या.’ चार दारे, चार उत्तरे. पेण, वडखळ, नागोठणे, रोहा या पट्ट्यात ज्यांच्या घरात असे मूल आहे, त्यांना हे नवीन नाही.

यानंतर काय होते? बहुतेक घरे पाचव्या दारात जात नाहीत, ती घरीच बसतात. गणपतीच्या कारखान्यातली रोजंदारी, धाटावच्या एमआयडीसीतली कंत्राटी पाळी, वीटभट्टीचा हंगाम यातून किती खाडे करायचे? शिवाय ‘डॉक्टरांचेच एकमत नाही, तर आपण काय ठरवणार?’ हे वाक्य घरातले मोठे माणूस बोलते आणि विषय मिटतो. फाइल ट्रंकेत जाते.

माझे म्हणणे स्पष्ट आहे. डॉक्टरांच्या मतभेदाने मूल दगावत नाही. मतभेद ऐकून आपण थांबतो, त्या थांबण्याने ते दगावते. म्हणून मतभेद कशामुळे होतात हे प्रत्येक आईबापाने समजून घेतले पाहिजे. ते समजायला डॉक्टरकीची पदवी लागत नाही.

मते वेगळी का पडतात?

पहिले कारण मुलाचे वय. आईच्या पोटात बाळाची फुप्फुसे श्वास घेत नसतात, म्हणून तिथला रक्ताचा दाब जास्त असतो. जन्मानंतर तो एकदम उतरत नाही, काही आठवडे घेतो. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असले तरी दोन्हीकडचा दाब जवळपास सारखा असतो, तोवर त्यातून फारसे रक्त वाहत नाही आणि आवाजही येत नाही. महिना-दीड महिन्याने दाब उतरतो, रक्त जोराने वाहू लागते आणि आवाज ऐकू येतो. म्हणजे जन्माच्या वेळी ‘बाळ ठीक आहे’ म्हणणारे आणि दोन महिन्यांनी ‘आवाज आहे’ म्हणणारे, दोघेही आपापल्या दिवशी खरे बोलले असू शकतात.

दुसरे कारण असे की आवाज असणे आणि आजार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कितीतरी निरोगी मुलांच्या छातीत आवाज येतो. ताप असताना किंवा अंगात रक्त कमी असताना तो वाढतो. अशा मुलाच्या हृदयात काहीच बिघाड नसतो. उलट बाजूही लक्षात ठेवा. अरुंद बोळातून वारा शिट्टी मारत जातो, मोकळ्या मैदानावर तो शांत वाटतो. हृदयाचेही तसेच आहे. लहान छिद्राचा आवाज मोठा असतो आणि मोठ्या छिद्राचा हलका असू शकतो. म्हणून ‘आवाज मोठा आहे’ ऐकून हाय खाऊ नये आणि ‘आवाज कमी झाला’ ऐकून पेढे वाटू नयेत. नळीने शंका येते, निकाल लागत नाही. निकाल टू-डी इको या तपासणीने लागतो. सोनोग्राफीसारखीच ही तपासणी. सुई नाही, वेदना नाही.

तिसरे कारण म्हणजे तपासणारा कोण. मोठ्या माणसांच्या हृदयाचे डॉक्टर रोज ब्लॉकेज आणि झटके पाहतात. जन्मजात दोष हा वेगळा अभ्यास आहे, त्याचे वेगळे तज्ज्ञ असतात. त्यांना बालहृदयरोगतज्ज्ञ म्हणतात. रडणाऱ्या, हातपाय झाडणाऱ्या मुलाचा इको घाईत केला तर मापही चुकते. दोन रिपोर्टमध्ये छिद्राचे आकडे वेगळे असतील, तर आधी ते कुणी आणि कशा स्थितीत मोजले हे विचारावे.

चौथे कारण सगळ्यात महत्त्वाचे. डॉक्टर अनेकदा वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात आणि आपल्याला ती एकाच प्रश्नाची वाटतात. एक सांगतो की छिद्र आहे. दुसरा सांगतो की आज धोका नाही. तिसरा सांगतो की पुढे ऑपरेशन लागेल. ही तीन मते एकमेकांच्या विरोधात नाहीत. तिन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. छिद्र आहे, ते लहान आहे, वर्षभर पाहू, बुजले नाही आणि त्रास झाला तर बुजवू, असा त्यांचा एकत्र अर्थ निघतो. पण आपल्याला तो जोडून सांगायला कुणी बसत नाही. रांग मोठी असते, वेळ नसतो आणि पुष्कळदा समोरच्याचा सूर ‘तुम्हाला कळायचे नाही’ असा असतो.

थांबणे कधी शहाणपणाचे, कधी घातक

पडद्याच्या स्नायूच्या भागात असलेली लहान छिद्रे पहिल्या काही वर्षांत बहुतेक वेळा आपोआप बुजतात. तिथे ‘थांबा’ म्हणणारा डॉक्टर आळशी नसतो, तो मुलाला नको ते ऑपरेशन वाचवत असतो. मोठे छिद्र मात्र वेगळे. त्यातून जास्तीचे रक्त फुप्फुसांत जाते. मूल दूध ओढताना दमते, कपाळाला घाम येतो, श्वास भरभर चालतो, वजन वाढत नाही, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो. अशा मुलाचे ऑपरेशन सहसा पहिल्या वर्षाच्या आतच करायचे असते.

इथे एक फसवी गोष्ट घडते, ती प्रत्येक घराने ऐकून ठेवावी. मोठे छिद्र तसेच राहिले तर जास्तीच्या रक्ताचा मारा सोसून फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या जाड आणि कडक होतात. मग तिकडे जाणारे रक्त कमी होते. मुलाचा दम कमी होतो, न्यूमोनिया थांबतो, आवाजही उतरतो. घरच्यांना वाटते, पोर सुधारले. प्रत्यक्षात ऑपरेशनची वेळ हातातून निघून जात असते. काही वर्षांनी ओठ आणि नखे निळी पडू लागतात आणि तेव्हा डॉक्टर सांगतात की आता छिद्र बुजवता येणार नाही. म्हणून ‘बरे वाटतेय’ हा पुरावा धरू नका. डॉक्टरने ‘सहा महिन्यांनी या’ म्हटले असेल तर ती तारीख हासुद्धा उपचार आहे. तारीख चुकली की उपचार चुकला.

अभिनेत्री मधुबाला यांच्या हृदयात जन्मापासून छिद्र होते. पैसा होता, नाव होते, लंडनपर्यंत जाता आले. पण तिथल्या डॉक्टरांनी ऑपरेशन करायला नकार दिला. २३ फेब्रुवारी १९६९ रोजी, वयाच्या ३६ व्या वर्षी त्या गेल्या. आज हेच छिद्र वेळेत सापडले तर आपल्या वस्तीतल्या मुलीचे ऑपरेशन बिनपैशाने होऊ शकते. फरक वेळेत सापडण्याचा आणि वेळेत पोहोचण्याचा आहे.

माता रमाई आणि बाबासाहेबांच्या पाच लेकरांपैकी एकटे यशवंतराव जगले. राजरत्न १९२६ च्या जुलैमध्ये गेला. तो काळ वेगळा होता, औषधेच नव्हती. आपल्या काळात उपाय हाताशी आहे. तो असताना आपल्या घरचा पाळणा केवळ गोंधळामुळे रिकामा होऊ नये.

डॉक्टर भांडले म्हणूनच शास्त्र पुढे गेले

मतभेद दिसला की आपल्याला फसवणूक वाटते. कधी कधी ती असतेही, आणि गरिबाने सावध राहणे चूक नाही. पण मतभेदातूनच मुलांच्या हृदयाचे उपचार जन्माला आले आहेत. अमेरिकेत हेलन टॉसिग नावाच्या डॉक्टर होत्या. त्यांना ऐकू कमी येत असे, म्हणून त्या मुलांच्या छातीवर हात ठेवून हृदयाचे ठोके ओळखत. जन्मतः निळी पडणारी मुले त्यांच्यासमोर मरत होती. फुप्फुसांकडे जादा रक्त नेणारी एक वाट जोडली तर ही मुले जगतील, असे त्यांना वाटले. त्यांनी ही कल्पना बॉस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस या नामांकित सर्जनपुढे मांडली. त्यांनी ती उचलली नाही. टॉसिग थांबल्या नाहीत. त्या आल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्याकडे गेल्या.

ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत व्हिव्हियन थॉमस नावाचा कृष्णवर्णीय तरुण होता. त्याला डॉक्टर व्हायचे होते. पण शिक्षणासाठी साठवलेले पैसे बँक बुडाली तेव्हा गेले. पेणकरांना बँक बुडणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. पुढे प्रयोगशाळेत तो संशोधकाचे काम करत होता, पण त्याची नोंद आणि पगार सफाई कामगाराचा होता. त्यानेच हे ऑपरेशन कुत्र्यांवर करून करून बसवले. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी बाल्टिमोरला पहिले ऑपरेशन झाले, तेव्हा थॉमस ब्लॅलॉक यांच्या मागे स्टुलावर उभा राहून टाके कसे घालायचे ते सांगत होता. त्या विद्यापीठाने त्याला मानाची डॉक्टरेट दिली ती १९७६ मध्ये.

या हकिकतीतून दोन गोष्टी घ्यायच्या. एका मोठ्या डॉक्टरचे ‘नाही’ हे शेवटचे ‘नाही’ नसते. आणि दोन मतांमधला निवाडा नाव मोठे कुणाचे यावर होत नाही, तपासून होतो. कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश आपण विहारात ऐकतो. तो दवाखान्यातही तितकाच लागू आहे.

दुसरे मत हा हक्क आहे

‘दुसरीकडे दाखवले तर डॉक्टर रागावतील’ ही भीती आपल्यात खोल आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा हक्क नोंदवलेला आहे. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने कागदपत्रे मागितली तर ती ७२ तासांत द्यावी लागतात. म्हणून रिपोर्ट मागताना हात जोडून उभे राहायचे कारण नाही. नम्रपणे, पण लेखी मागा.

मात्र दुसरे मत घ्यायचे तर योग्य जागी घ्या. ज्याने टू-डी इको पाहिलाच नाही त्याचे मत हे दुसरे मत नव्हे. शेजारच्या काकूंचे, मोबाइलवर आलेल्या व्हिडिओचे, दृष्ट काढणाऱ्या भगताचे तर नव्हेच. पहिले मत कुणाचेही असो, दुसरे बालहृदयरोगतज्ज्ञाचे असावे. ही दोन मते जुळली तर पुढे फिरू नका, निर्णय घ्या. नाही जुळली तर तिसरे मत मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात घ्या आणि तिथे थांबा. मनासारखे उत्तर मिळेपर्यंत दारे बदलत राहणे म्हणजे मत घेणे नव्हे, पळणे आहे.

डॉक्टरसमोर बसल्यावर थोडेच प्रश्न विचारा आणि उत्तरे कागदावर लिहून मागा. छिद्र कुठे आहे आणि किती मिलिमीटरचे? फुप्फुसांवर दाब आला आहे का? किती थांबता येईल आणि पुढची तपासणी कोणत्या महिन्यात? काय दिसले तर त्याच दिवशी यायचे? ऑपरेशन लागणार असेल तर छाती उघडून की पायाच्या शिरेतून छत्री बसवून, आणि तेच का? आधीच्या डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल तर तो कागद पुढे ठेवून विचारा, ‘साहेब, यात आणि तुमच्या सांगण्यात फरक कशामुळे?’ चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही.

‘आजच पैसे भरा, नाहीतर मूल जाईल’ असे कुणी म्हणाले आणि मूल दूध पिते आहे, खेळते आहे, तर दुसऱ्या मतासाठी सहसा काही दिवस मिळतात. पण तान्हे बाळ निळे पडत असेल, श्वासासाठी धडपडत असेल, दूध ओढणेच बंद केले असेल किंवा मूल शुद्ध हरपून पडले असेल, तर मते गोळा करू नका. १०८ ला फोन करा आणि जवळच्या रुग्णालयात पोहोचा.

एक आजार वेगळा सांगितला पाहिजे. शाळकरी मुलाला घसा दुखून ताप येतो, मग आज गुडघा, उद्या घोटा सुजतो. हा संधिवाताचा ताप हृदयाच्या झडपा खराब करतो. त्यावर पेनिसिलिनचे इंजेक्शन तीन-चार आठवड्यांनी, अनेक वर्षे घ्यावे लागते. तिथे मतभेद हमखास होतो. एखादा डॉक्टर म्हणतो, ‘आता मूल बरे आहे, कशाला टोचता?’ आणि घरचेही सुटकेचा श्वास टाकतात. हृदयाच्या तज्ज्ञाने लिहून दिल्याशिवाय ते इंजेक्शन बंद करू नका.

पैसा, प्रवास आणि मुलगी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्या राज्यातूनच, पालघरहून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा येतात. त्यांनी दिलेली चिठ्ठी म्हणजे मोफत उपचाराचे दार आहे. ती चिठ्ठी घेऊन उपजिल्हा रुग्णालयात, तिथून अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात पाठपुरावा करा. राज्याची जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात रायगड होता. आज तीच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि मुलांच्या हृदयाची ऑपरेशने तिच्यात बसतात. शिधापत्रिका, आधार आणि मुलाचा जन्मदाखला आजच नीट करून ठेवा. योजनेचा फोन १५५३८८. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, आधी त्याच्याकडे जा. पैसे भरायच्या खिडकीकडे नंतर.

परळला वाडिया हे मुलांचे रुग्णालय आणि जवळच केईएम आहे. आपल्याच जिल्ह्यात, खारघरला श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय फक्त मुलांच्या हृदयासाठी आहे आणि तिथे पैसे घेत नाहीत. संस्थेच्या नावाशी आपले विचार जुळोत न जुळोत, लेकराच्या उपचाराचा हिशेब वेगळा आहे.

आणि एक बोलायलाच हवे. मुलगी असली की फाइल ट्रंकेत लवकर जाते. ‘छातीवर व्रण राहील, उद्या लग्नाला अडचण येईल’ असे बायाच बायांना सांगतात. व्रण असलेली मुलगी जिवंत असते, एवढेच उत्तर पुरे. तसेच आईचे बोलणे कुणी मनावर घेत नाही. ‘दूध पिताना दमतो’ हे पहिल्यांदा तिलाच दिसते. डॉक्टरच्या खोलीत तिला मागच्या बाकावर बसवू नका, पुढे बसवा.

वस्तीने काय करावे

एकट्या घराने हे ओझे उचलावे अशी अपेक्षा चुकीची आहे. जयंतीला वर्गणी गोळा करण्याची आपली ताकद सगळ्यांना माहीत आहे. त्यातला एक हिस्सा दवाखान्याच्या प्रवासासाठी बाजूला ठेवला तर काय बिघडेल? प्रत्येक विहारात एक वही ठेवावी. त्यात तपासणीत आवाज निघालेल्या मुलाची पुढची तारीख घरच्यांच्या संमतीने लिहावी. तारखेच्या आठवडाभर आधी महिला मंडळाने त्या घरी जाऊन यावे. शिकलेल्या मुला-मुलींपैकी एकाने आईवडिलांबरोबर जावे, प्रश्न विचारावेत, उत्तरे लिहून आणावीत. रोजंदारी बुडालेल्या घरात त्या दिवशी शेजारून डबा जावा.

सरकारकडेही मागणे आहे. पथकाने चिठ्ठी दिली म्हणजे काम झाले असे होऊ नये. त्या मुलाचा इको कुठे, कधी आणि कोण करणार हे चिठ्ठीवरच लिहिलेले असावे. बालहृदयरोगतज्ज्ञ ठरलेल्या दिवशी पेण आणि रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात बसावा. चार दारांऐवजी एका दारात उत्तर मिळाले तर निम्मे मतभेद तिथेच मिटतील. ग्रामसभेत, नगरपालिकेत, आमदारांच्या दारात हे निवेदन आपणच न्यायचे आहे.

ज्या घरात अशी फाइल पडून आहे, त्यांनी ती आज बाहेर काढावी. शेवटची तारीख पाहावी. उलटली असेल तर येत्या आठवड्यात निघावे. डॉक्टर काय म्हणाले यावर वाद घालायला पुढे आयुष्य आहे. लेकराच्या हृदयाला मात्र ठरलेली वेळ आहे.

जयभीम.